चित्रातलं आमचं लेणं

दोन वर्षं मी त्या गॅलरीचं डोकं खाल्लं. गॅलरी लहानशी, इल्फर्डमधल्या माझ्या घरून दोन ट्रेन बदलून जावं लागतं. तिथे दोनेकशे वर्षांपूर्वीचं एक मोठं तैलचित्र आहे. सोनेरी आभाळ, डोंगराच्या पोटातलं पडकं लेणं, तुटके खांब, वेलींचं रान, कोपऱ्यात शेळ्या आणि डुलक्या घेणारा एक म्हातारा. तेव्हाच्या इंग्रज चित्रकारांना पडकं काही दिसलं की भरूनच यायचं. आणि खाली लेबल काय, तर 'हिंदू देवळाचे अवशेष, पश्चिम भारत'.

देवळाचे? अहो, खांबांमागे चांगला हातभर स्तूप दिसतोय! आम्ही बौद्ध माणसं, आम्हाला स्तूप कळत नाही? माझं टाळकंच सरकलं.

मेल केला. उत्तर आलं, आपल्या फीडबॅकबद्दल आभारी आहोत. दुसरा केला, तेच उत्तर. तिसऱ्यांदा स्तूपाभोवती लाल गोल काढून फोटो पाठवला. चौथ्या मेलमध्ये मात्र मी एक वाक्य जास्तीचं घातलं: हे आमच्या गावामागचं लेणं आहे, माझे वडील अजून तिथेच राहतात. चित्र बघता बघता मला तसं वाटायला लागलं होतं, आणि पुढे खात्रीच झाली. चित्रात एक धबधबा होता, तो आमच्याकडे नाही. म्हटलं, चित्रकाराने मनचा घातला असेल.

आणि काय सांगू, हलले की ते! नवी क्युरेटर आली होती, तिने लेबल बदललं. 'बौद्ध लेणं', आणि त्याखाली आमच्या गावाचं नाव. मी नुसत्या लेबलचा फोटो टाकला, तर गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'जयभीम'ची रांग लागली. बुद्धपौर्णिमेला सगळी वस्ती लेण्यात जमते, तिथल्या खडकात कोरलेल्या टाक्यातलं पाणी काढून खीर शिजवते. यंदा तिथे या चित्राचा मोठा फ्लेक्स लावायचं ठरलं. मी चित्राचा फोटो पाठवते म्हटलं, पण गावाला आपल्या माणसाने डोळ्यांनी बघून आणलेला हवा होता; ते काम अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे. त्यासाठी ते ब्याऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसले.

गॅलरीत अण्णांनी बूट काढले. गार्ड पुढे आला, क्युरेटरने त्याला खुणेने थांबवलं. अण्णा हात जोडून उभे राहिले. मग चष्मा पुसून जवळ गेले आणि बराच वेळ नुसते डावीकडे बघत राहिले.

"टाकं कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, झाडीत झाकलं असेल. ते म्हणाले, टाकं दाराशीच आहे, झाकेल कसं? मी म्हटलं, अण्णा, चित्रकार मनचं घालतात. तर म्हणाले, आपले खांब आठकोनी, हे गोल. मग खिडकीचा विषय काढला, मग पायऱ्यांचा. मी एकेकाला उत्तर देत होते आणि माझाच आवाज चढत होता. त्या लोकांशी दोन वर्षं भांडले, आणि आता घरचाच माणूस मला खोटं पाडतोय! 'बौद्ध' तरी खरं आहे ना, मी विचारलं.

"बौद्ध आहे. आपलं नाही," अण्णा म्हणाले. "तू लेण्यात शेवटची कधी गेली होतीस?"

चौथीत असताना.

क्युरेटरने हसत विचारलं, काय म्हणतायत? फार खूश आहेत, मी इंग्रजीत ठोकून दिलं. सांगतानाच मला माझी लाज वाटली. तेवढं इंग्रजी अण्णांना येतं. त्यांनी बाकावर बसून सावकाश बूट घातले, फोन काढला, गावाचा ग्रुप उघडला आणि फोन तोंडाजवळ धरला.

"जयभीम मंडळी. चित्र पाहिलं. लेणं दुसऱ्या कुठल्या गावचं आहे, फ्लेक्स करू नका. पोरीवर रागावू नका. लहानपणीच गाव सुटलं तिचं, तिला ओळखता नाही आलं."