धरायचं नाही, फक्त अडवायचं

कायझर्सलाउटर्नला पीएच.डी. करत असताना एक उन्हाळाभर मी अमेरिकन फुटबॉल खेळलो. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्या पोटाकडे बघतो. संघानेही तेच बघून मला घेतलं होतं. प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसणारा जर्मन सहकारी गावातल्या हौशी संघाचा क्वार्टरबॅक होता, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी. त्याच्या रक्षणासाठी पुढे पाच जाडजूड माणसं उभी करतात. त्यातल्या एकाला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. सहकाऱ्याने मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर.

माझी जागा रांगेच्या डाव्या टोकाला. तो चेंडू फेकायला वळला की त्याची पाठ माझ्या बाजूला व्हायची, आणि तिकडून येणारा माणूस त्याला दिसायचा नाही. त्या माणसाला मी अडवायचं. वसंतात सहकाऱ्याचा उजवा खांदा निखळला होता. पुन्हा निखळला तर ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पण अडवायचं कसं? मी शाळेत कबड्डी खेळलेला, डावा कोपरा सांभाळणारा. घोटा हाती आला की दात पडले तरी सोडायचा नाही, एवढंच माझं शिक्षण. सहकाऱ्याने मला नियमांची फाइल दिली, तीन रंगांत अधोरेखित केलेली. रविवारी सकाळी ओस पडलेल्या रस्त्यावरही लाल दिव्याला थांबणारा माणूस तो. उघड्या तळव्यांनी छातीवर ढकललं तर चालेल. जर्सी मुठीत धरून ओढली तर गुन्हा. पाठीत ढकलणं गुन्हा. कंबरेखाली धडक देणंही गुन्हा. मात्र सुरुवातीच्या दाटीत, समोरून दिली, तर कधीकधी चालेल. आणि एकाने वरून गुंतवून ठेवलेल्या गड्याला दुसऱ्याने खालून धडक दिली, तर फारच मोठा गुन्हा. माझ्या व्हिसाचे कागद याहून सोपे होते.

आमचा प्रशिक्षक निवृत्त अमेरिकन सार्जंट. त्याला विचारलं, "जर्सी धरलेली चालते का?"

"सगळेच धरतात."

"म्हणजे चालते?"

"अजिबात नाही."

सहकाऱ्याला हे उत्तर आवडलं नाही. "हे बघ, नियम म्हणजे नियम," तो म्हणाला आणि मला दुसऱ्या दिवशी फाइलमधलं तेच पान पुन्हा उघडून दिलं.

शेवटचा सामना हरणारा संघ खालच्या गटात जाणार होता. म्हणून थाट मोठा: धुराचं यंत्र, खरखरत्या कर्ण्यावर संगीत, पट्टेरी शर्टातले पंच सैन्याची पाहणी करावी तसे चालत आलेले. प्रेक्षक बहुतेक सॉसेजच्या रांगेत. बायको आणि तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई मात्र थर्मास घेऊन पहिल्या बाकावर. माझ्यासमोर उभा राहिला तो बेकरीत कणीक मळणारा एक माणूस. त्याचे हात बघून ते लगेच पटत होतं.

तीन तास मी फाइलप्रमाणे वागलो. तळवे उघडे, कोपर आत. शेवटच्या मिनिटाला आम्ही चार गुणांनी मागे होतो. सहकारी चेंडू घेऊन मागे सरकला, आणि बेकरीवाला माझ्या खांद्याखालून सटकला. त्याच्या आणि त्या उजव्या खांद्याच्या मध्ये आता कुणीच नव्हतं. मी वळलो, झेपावलो आणि दोन्ही हातांनी त्याचा घोटा पकडला.

बेकरीवाला आडवा. चेंडू हवेत. पलीकडे आमच्या गड्याने तो झेलून रेषाही ओलांडली, म्हणजे सहा गुण. धुराचं यंत्र सुरू झालं. मग एका पंचाने पिवळं फडकं माझ्याजवळ टाकलं. गुण रद्द, दहा यार्ड मागे. उरलेले दोन्ही प्रयत्न फसले. हरलो.

बाकाजवळ गेलो तर सासूबाई तापलेल्या. "अहो, तो मेला त्या पोराच्या पाठीवर चालला होता, तुम्ही धरलंत. मग फडकं तुमच्यावर का?"

"आई, धरायचं नसतं. फक्त अडवायचं," बायको म्हणाली.

"न धरता अडवायचं कसं?"

उन्हाळाभर मी हेच विचारत होतो. मी थर्मासमधला चहा ओतून घेतला.

कपडे बदलायच्या खोलीत बाकीच्यांनी माझ्याकडे पाठ केली होती. सहकाऱ्याने दोन्ही हात वर करून जर्सी डोक्यावरून उतरवली, मग खांद्याचं चिलखत काढलं. उजवा हातही पूर्ण वर गेला. मी तेवढंच बघत होतो.

"ते धरणंच होतं," तो म्हणाला. "स्पष्ट."

"हो," मी म्हणालो.

त्याने जर्सीची नीट घडी घातली, दाराकडे पाहिलं, आणि आवाज उतरवून म्हणाला, "पाय नाही. पाय सगळ्यांना दिसतो. पुढच्या मोसमात छातीपाशी धर, कोपर आत ठेवून. तिथे पंचाला दिसत नाही."

मी त्याला म्हटलं, हे फाइलमध्ये कुठे आहे? त्याने बॅग उचलली. बाहेर रस्ता ओस होता. लाल दिवा लागला आणि तो थांबला. मीही थांबलो.