चार नंबरची चावी

आधीच सांगून ठेवतो, मी तापट माणूस आहे. चाकणच्या आमच्या पत्रा कापायच्या प्रेस शॉपमध्ये मी सुपरवायजर, आणि माझा आवाज मशीनच्या वर ऐकू येतो असं पोरं म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. नाव नवनाथ, गाव अंबाजोगाईकडचं, पिंपरी-चिंचवडचं पाणी प्यायला लागून अठ्ठावीस वर्षं झाली. उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. दोन भोसरीत राहिली, नव्व्याण्णव साली. कुणी विचारलं की मी हात वर करून सांगायचो, "ही आपली मेडलं. लॉट पुरा केला आणि मगच दवाखान्यात गेलो." नवीन पोरं आ वासून ऐकायची. मलाही जरा बरं वाटायचं.

पण आज माझं कौतुक सांगायला बसलो नाही. साबियाचं सांगायचंय.

साबिया आकुर्डीची. बाप नूरमोहम्मद, टू-व्हीलरचा मेकॅनिक, स्टेशनच्या रस्त्याला छोटं गॅरेज. पोरीनं आयटीआय केलेलं. तीन वर्षांपूर्वी ऑफिसनं तिला माझ्या शिफ्टला पाठवलं, ते थेट प्रेसवर. आमच्याकडं पोरी होत्या, पण पॅकिंगला आणि तपासणीला. प्रेसवर एकही नाही. मी तोंडावरच म्हणालो की बाई, हे पोळ्या लाटायचं काम नाही. ती शांतपणे म्हणाली, सर, पोळ्या तर मला जमतच नाहीत, म्हणून इकडं आले. शेजारच्या मशीनवरचा ज्योतीराम फिस्सकन हसला आणि माझा पारा चढला.

उंची जेमतेम पावणेपाच फूट. मशीनपुढं उभी राहिली की डाय, म्हणजे पत्रा ठेवायचा खालचा साचा, नीट दिसेना. दुसऱ्या दिवशी भंगारातल्या फळ्या ठोकून तिनं स्वतःच एक पाट केला आणि त्यावर उभी राहिली. सहा महिन्यांत जुन्या गड्यांइतका माल काढायला लागली, त्यात रिजेक्शन सगळ्यांत कमी. मी शब्दानं बोललो नाही. कौतुक केलं की माणूस बिघडतं, असा तेव्हा माझा समज होता.

तिच्या लॉकरच्या दाराला आतून एक फोटो चिकटवलेला होता. बुटकी, काळी, दंड हे एवढे, हवेत उलटी झालेली बाई. मी विचारलं, ही कोण, आपल्याकडचे देव काय कमी पडले का? ती म्हणाली, ही सिमोन बाइल्स, अमेरिकेची जिम्नॅस्ट. मग डबा खाता खाता बरंच सांगत बसली. शाळेत असताना साबियाही हे करायची. शिकवणाऱ्या सरांची बदली झाली, उड्यांच्या गाद्या खोलीत कुलूपबंद झाल्या आणि आठवीत सगळं संपलं. दहावीला असताना बापाच्या गॅरेजातल्या टीव्हीवर रिओचं ऑलिंपिक लागलं होतं. या बाईनं तिथं चार सुवर्णपदकं मारली.

"सर, आमची फुफी, म्हणजे आत्या, माझ्याकडं बघून आईला हळूच म्हणायची, बुटकी ती बुटकी, वर काळी, हिला कोण करून घेणार," साबिया म्हणाली. "त्या दिवशी टीव्हीवर अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. आणि ती माझ्याहून बुटकी होती, माझ्याहून काळी होती. मी फुफीला हाक मारून आणली आणि समोर बसवली."

एवढं ऐकून तरी मी गप्प बसावं की नाही? पण जित्याची खोड. चार दिवसांनी ज्योतीरामनं मोबाइलवर शोधून बातमी आणली की ही बाई टोकियोला फायनल चालू असताना मधेच बाहेर पडली होती. झालं, माझ्या हाती कोलीत. येता-जाता म्हणायला लागलो, काय साबिया, तुझं दैवत तर मैदान सोडून पळालेलं. आठवडाभर तिनं ऐकून घेतलं. मग एकदा मशीन बंद करून पाटावरून खाली उतरली आणि मला समजावलं, लहान पोराला समजावतात तसं. हवेत गिरक्या घेताना आपण कुठं आहोत, जमीन कुठल्या बाजूला आहे, हेच त्या सिमोनला कळेनासं झालं होतं. तशीच उडी मारली असती तर मान मोडली असती. सगळं जग बघत असताना ती म्हणाली की आज मी करणार नाही. लोकांनी नाही नाही ते बोलून घेतलं.

"मेडल जिंकायला ताकद लागते ना सर? 'नाही' म्हणायला त्याहून जास्त लागते," साबिया म्हणाली.

मी म्हणालो, बरं बरं, कामाला लाग. मनात म्हटलं, पोरीला वाचाळपणा फार.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. कंत्राटी लोकांतून सहाजण परमनंट होणार होते आणि नावं मी द्यायची होती. साबियाचं नाव मी लिहिलं होतं, खोटं कशाला बोलू. परमनंट म्हणजे काय ते ज्याला नाही त्यालाच कळतं. दर काही महिन्यांनी कामात ब्रेक, पुन्हा नवं कार्ड, पुन्हा गेटवर उभं राहणं, हे सगळं सुटतं. नूरमोहम्मदचे गुडघे गेले होते, गॅरेज अर्धा दिवसच उघडायचं. घर पोरीवर होतं.

त्या दिवशी सकाळी अकराची वेळ. कस्टमरची गाडी गेटवर उभी, लॉट अर्धाच झालेला. निरंजनसाहेब, आमचे मॅनेजर, दर दहा मिनिटांनी खाली येऊन घड्याळ बघत होते. आणि चार नंबरचं मशीन थांबलं. बघतो तर साबिया हाताची घडी घालून पाटाशेजारी उभी, मशीनला बिघाडाचा लाल टॅग लटकवलेला.

आमच्या प्रेसची रीत सोपी आहे. पत्रा ठेवायचा, दोन बाजूंची दोन बटनं दोन्ही हातांनी दाबायची. वरचा ठोकळा ऐंशी टनांच्या दाबानं खाली येतो, पत्रा कापून वर जातो आणि तिथंच थांबतो. मग हात आत घालून तुकडा काढायचा. साबियाचं म्हणणं, तो वर जाऊन थांबत नाहीये. दोनदा किंचित खाली सरकला. बटनाला हात नसताना.

मी म्हणालो, तुला भास झाला असेल. ती म्हणाली, झालाही असेल, पण मेंटेनन्सला बोलवा. मेंटेनन्सचा सिद्धेश दुसऱ्या शेडला गुंतलेला, यायला तास लागणार. तिकडं साहेब माझ्याकडं डोळे वटारून बघतायत. माझं डोकं फिरलं. सगळ्यांच्या देखत ओरडलो, "जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालव. मग बघू. आज मशीन बंद ठेवलंस तर यादीत तुझं नाव राहणार नाही, सांगून ठेवतो."

साबियाचा चेहरा पांढरा पडला. पोरीला बाप आठवला असणार, मला दिसत होतं. पण मशीनकडं बोट करून ती म्हणाली,

"सर, हे कधी खाली येईल ते मला कळत नाहीये. कळत नसताना मी हात घालणार नाही. नाव काढायचं तर काढा."

मी तिला बाजूला सारलं. म्हटलं, हो तिकडं, मी दाखवतो कसं चालवतात. बारा महिने तेरा काळ हेच करत आलोय. हातमोजे चढवले आणि पत्रा उचलला. तेवढ्यात तिनं वाकून मशीनची चावी फिरवली, काढली आणि खिशात टाकली. मशीन ठप्प. सुपरवायजर मशीनवर असताना चावी काढायची हिंमत त्या शेडमध्ये आजवर कुणी केली नव्हती. मी हात पुढं केला, म्हणालो, आण इकडं.

"माझा हात नाही घालणार आणि तुमचाही घालू देणार नाही," ती म्हणाली. "तीनच राहिलीत सर."

मी त्या दिवशी तिला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ती खाली मान घालून उभी राहिली, पण चावी दिली नाही. साहेबांनी यादी मागवली आणि माझ्यासमोर तिच्या नावावर रेघ मारली.

सिद्धेश आला तेव्हा साबियानं चावी त्याच्या हातात दिली. त्यानं पॅकिंगच्या खोक्याची एक फळी घेतली, डायवर आडवी ठेवली, मशीन चालू केलं. एक स्ट्रोक मारला, ठोकळा वर गेला, थांबला. दुसरा, तिसरा, सगळं ठीक. मी साहेबांकडं बघून मान हलवली, भासच होता म्हणून. सातव्या वेळी तो वर गेला, सिद्धेशनं दोन्ही हात मागं घेतले, खिशातला रुमाल काढला, आणि ठोकळा आपला आपण खाली आला. फळीचे दोन तुकडे होऊन एक माझ्या बुटापाशी येऊन पडला. तुकडा काढायला माझा हात तेव्हा तिथंच असता.

मी जाऊन पाण्याच्या टाकीमागं बसलो. खरं सांगतो, रडलो. भीतीनं नाही. माझंच वाक्य माझ्या कानात वाजत होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालव, मग बघू. नव्व्याण्णव साली भोसरीत माझ्या सुपरवायजरनं मला हेच म्हटलं होतं, शब्दाला शब्द. मशीन बिघडलंय हे मला सकाळपासून माहीत होतं. पण मी पंचविशीचा, नवा, नाही म्हणायची छाती झाली नाही. सुट्टीला वीस मिनिटं बाकी असताना बोटं गेली. लॉट-बिट काही पुरा केला नव्हता मी. मेडलं कसली, डोंबलाची.

उठलो आणि वर साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, चालव असं मी सांगितलं होतं, चूक माझी आहे, कागदावर लिहून देतो. साहेब म्हणाले, नवनाथराव, जरा विचार करा, तुमच्या रेकॉर्डला लागेल. मी म्हणालो, लागू द्या. पण त्या पोरीच्या नावावरची रेघ आज खोडली नाही तर उद्यापासून मीही चार नंबरच्या शेजारी हाताची घडी घालून उभा राहीन. माझा आवाज तेवढा मोठा आहेच, खालपर्यंत गेला म्हणतात.

यादी लागली तेव्हा तिसरं नाव साबियाचं होतं. दुसऱ्या दिवशी नूरमोहम्मद गुडघे धरत गेटवर पेढे घेऊन आला आणि माझा तीन बोटांचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. मला मिळाला एक मेमो. तो मी जपून ठेवलाय.

पुढं ऑगस्टमध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकात ती सिमोन बाइल्स परत उभी राहिली आणि पुन्हा सुवर्ण घेऊन आली. कँटीनमध्ये ज्योतीरामच्या मोबाइलवर आम्ही दहाजण डोकी घालून बघत होतो. तिची उडी झाली, पाय जमिनीला टेकले, आणि मी टेबलावर अशी थाप मारली की ताक सांडलं. पोरं म्हणाली, काका, तुम्ही तर हिला पळपुटी म्हणायचा. मी म्हणालो, मी गाढव होतो, पुढं बोला.

आता नवीन भरती झाली की पहिला दिवस साबिया घेते. मागच्या सोमवारी जुन्नरकडून एक पोरगी आली, विजयश्री, प्रेसवरची दुसरी. साबियानं तिला पाटावर उभं केलं आणि मला हाक मारली. हे आमचं ठरलेलं आहे. मी हात वर केला आणि सांगितलं, मशीन बिघडलेलं मला माहीत होतं, मला 'नाही' म्हणता आलं नाही, म्हणून ही दोन बोटं गेली. मग साबिया म्हणाली, "आता पहिला धडा. चालू मशीन बंद कर, चावी काढ आणि खिशात टाक."

विजयश्रीनं चावीला हात लावला आणि घाबरून माझ्याकडं बघितलं, सुपरवायजरची परवानगी आहे का म्हणून.

मी अख्ख्या शेडला ऐकू जाईल असा ओरडलो, "माझ्याकडं काय बघतीस? बंद कर!"