पाठ टेकल्यावरची कुस्ती

खोडदच्या तालमीत मी पहिल्यांदा उतरलो आणि लढत सुरू करायला आपणहून मातीत उताणा झोपलो, तेव्हा सगळे पैलवान हसले. फक्त दगडूभाऊ हसले नाहीत. ते तिथले वस्ताद. द्राक्षबागायतदार, पंचेचाळिशीचे, अंगाने रांजणासारखे. माझ्याजवळ उकिडवे बसून त्यांनी विचारलं, "पावणं, पाठ टेकली की आमची कुस्ती संपती. तुमची सुरू कशी व्हती?"

दोन हजार सालानंतरची गोष्ट. खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या कामावर मी नवा रुजू झालो होतो. त्याआधी परदेशात शिकताना ब्राझिलियन जिउ-जित्सूचा, म्हणजे जमिनीवर पडून लढायच्या कुस्तीचा, नाद लागला होता. "या, दाखवतो," मी म्हणालो. भाऊ झेपावले. मी त्यांची मान आणि एक हात मांड्यांत आवळला. त्यांचा चेहरा लालबुंद झाला तसं सोडलं. शागिर्दांसमोर वस्तादांचा मान गेला होता. आता हे मला हाकलणार, असं वाटलं. भाऊंनी मान चोळली. "परत दाखवा. सावकाश."

मग रोज संध्याकाळी तेच. खाली पडलेल्याच्या पायांचा अडसर पार करायला उडी मारायची नाही. खांदा त्याच्या हनुवटीखाली रुतवायचा, छातीने मांडी दाबून धरायची, तो हलला की तेवढंच पुढे सरकायचं. झटक्यात डाव मारणाऱ्या भाऊंना ते जमेना. चिडायचे, पण स्वतःवरच. बागेत औषध मारता मारता शंका आली की सरळ माझ्या खोलीवर. "आधी गुडघा का खांदा?" अशातच एकदा माझे पाय बाजूला पडले आणि भाऊ अख्खे माझ्या छातीवर पसरले. श्वास घेता येईना. 'सोडा' या खुणेने मी हाताने थोपटलं, तसे ते लगेच उठले. "वजन टाकलं न्हाई राव, नुसतं ठिवलं," ते नवलाने म्हणाले.

पुढे बेल्ह्याच्या बैलबाजारात त्यांच्या एका जुन्या शागिर्दाने दारूच्या नशेत सख्ख्या भावावर कोयता उगारला. मी सोबतच होतो. भाऊंनी त्याचं मनगट धरून त्याला खाली घेतलं, कोयता दूर सारला आणि त्याला छातीखाली दाबून ठेवलं. एक फटका मारला नाही. "दम घे. मी उठत न्हाई, तूबी उठू नको." बऱ्याच वेळाने तो रडायला लागला. तरी भाऊ तसेच होते, त्याच्या कानाशी काहीबाही बोलत.

माझी बदली झाली तेव्हा ते नारायणगावला जीपपर्यंत पोचवायला आले.

"तुमी शिकलात तिथली माती लाल का काळी?"

"माती नसते भाऊ. गाद्या असतात. रोज पुसून काढतात."

जीप सुरू झाली तरी त्यांनी दांडी सोडली नाही.

"मंग घाम जिरतो कुठं?"

जीप हलली. भाऊ रस्त्यात उत्तराची वाट बघत उभे राहिले.