रिकाम्या तलावातले चौदा टेक

लग्नांचं शूटिंग करून हात बसलेली ती मुलगी चोविसाव्या वर्षी एका नावाजलेल्या दिग्दर्शकाकडे सहायक म्हणून लागली. त्याला सगळे सर म्हणत. ती बुटकी, आवाजाने बारीक. सरांनी तिचं नावच चिमणी करून टाकलं.

एका गायिकेच्या गाण्याचा व्हिडिओ करायचा होता. कल्पना चिमणीची: पाणी उपसलेला पोहण्याचा तलाव आणि त्याच्या निळ्या फरशीवर एकटीच गात चाललेली बाई. शूटिंगच्या दिवशी सर जेवले आणि खुर्चीतच घोरू लागले. चौदाच्या चौदा टेक चिमणीने घेतले. एडिटिंगही तिचंच.

व्हिडिओ तुफान गाजला. दिग्दर्शक म्हणून नाव सरांचं. चिमणीचं आभाराच्या यादीत, जेवणवाल्याच्या खाली.

ती जाब विचारायला गेली.

"अगं, माझ्या नावावर लोक बघतात," सर म्हणाले. "तुला कोण ओळखतं? शीक अजून."

आत्याच्या शिवणाच्या दुकानात बसून तिने दातओठ खाल्ले. आत्याने मशीन थांबवलं. "सोडून दे. अशांचं देव बघून घेतो."

"देवाला कशाला त्रास? मी आहे ना."

चौदाही टेक तिने आवाजासकट जपून ठेवले आणि वर्षभर हसतमुखाने सरांकडेच राबली. मग सरांचा सत्कार ठरला. त्यांच्या कारकिर्दीवर फिल्म करायचं काम सरांनी विश्वासाने तिच्याच हातात दिलं.

सभागृह खच्चून भरलेलं. पडद्यावर तलाव आला, पण गाणं वाजलंच नाही. बारीक आवाज घुमला, "अजून एक घेऊ. ताई, मान खाली नको. कट!" पाठोपाठ कॅमेरामन, "सरांना उठवू का?" आणि पुन्हा तोच आवाज, "झोपू दे. जागे झाले की फ्रेममध्ये येतात."

कॅमेरा वळला. सर, तोंड उघडं, घोरतायत.

सभागृहात हशा पिकला. गायिका तर डोळे पुसून पुसून हसली. सरांचा चेहरा पाहायला चिमणी मुद्दाम पहिल्या रांगेत बसली होती. तिने तो पोटभर पाहून घेतला.

किंमत मोजावी लागलीच. "हिला घेतलं तर उद्या आपलेही कपडे उतरवेल," म्हणत सगळ्यांनी दारं लावली. दोन वर्षं पुन्हा लग्नांचंच शूटिंग. सरांना मात्र कामं मिळत राहिली, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

शेवटी तिने आत्यालाच उभं केलं आणि तिच्या दुकानात नऊ मिनिटांची शॉर्टफिल्म केली. मालकिणीच्या ब्लाउजात मुद्दाम एक टाका सैल सोडणाऱ्या शिवणकामवालीची गोष्ट. एका महोत्सवात बक्षीस मिळालं आणि दुसऱ्याच आठवड्यात गायिकेचा फोन आला: नवं गाणं आहे, दिग्दर्शन तू कर.

"आता तरी राग गेला ना?" आत्याने विचारलं.

"छे गं," चिमणी म्हणाली, "त्या रागावरच तर चाललंय सगळं."