ड्रेस घालून येऊ नये

शाळेच्या ऑफिसात वर्षानुवर्षं बसणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. प्रत्येक जण काही ना काही काम घेऊन टेबलाशी येतो आणि जाताना एखादा किस्सा ठेवून जातो. कर्वेनगरातल्या आमच्या शाळेत मी क्लार्क आहे. माझ्याकडचे बरेच किस्से हसण्याचे आहेत. आज सांगतेय ते ऐकूनही लोक हसतात. मला मात्र अजून राग येतो. तुम्हाला हसायचं तर हसा.

*

सुरुवात झाली एका नोटिशीने. टाइप मीच केली होती. ‘शिक्षिकांनी शाळेत ड्रेस घालून येऊ नये. साडी अनिवार्य. हुकमावरून, सचिव.’

फळ्यावर नोटीस लागल्यावर चित्रकलेचे शिंदेसर सगळ्यांत आधी वाचायला आले. अंगात जीन्स आणि टी-शर्ट. टी-शर्टवर जीभ बाहेर काढलेली कवटी.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “शाळेला काहीतरी शिस्त पाहिजे.”

मुख्याध्यापिका लिमयेबाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी कवटीकडे नीट निरखून पाहिलं.

“शिंदे, हे छातीवरचे गृहस्थ संस्थेचे सभासद आहेत का?”

*

लिमयेबाई असं बोलल्या म्हणून त्या नोटिशीच्या विरोधात होत्या असं समजू नका. त्या रोज कडक इस्त्रीची सुती साडी नेसून यायच्या. निऱ्या अशा की पट्टी ठेवून मोजाव्यात. शिक्षिका तक्रार घेऊन गेल्या, तर एकच उत्तर मिळालं, “नियम म्हणजे नियम. मी बाळंतपणानंतर महिन्याभरात साडी नेसून वर्गावर उभी होते.”

मला मात्र वाटलं, महिन्याभरात वर्गावर उभं राहायला लागलं याचा यांना राग कसा आला नाही?

*

मला शब्दांची खोड आहे. इंग्रजी मी शाळेत फारशी शिकले नाही. अप्पा बळवंत चौकातून एक जुनी डिक्शनरी आणली आणि तिच्यावरच शिकले. नोटीस टाइप करताना ‘ड्रेस’ शब्दाशी अडखळले, म्हणून तो उघडून पाहिला.

मुळात त्याचा कपड्यांशी संबंधच नव्हता! लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आलेला शब्द. अर्थ, सरळ करणे, नीट लावणे. दगड घडवतात तेही ड्रेस करणं, जखम साफ करून बांधतात तेही तेच. अंगावर कपडे नीट चढवणं हा अर्थ नंतरचा. आमच्याकडे येईपर्यंत तर त्याचं भलतंच झालं. मुलांचा ड्रेस म्हणजे गणवेश, बाईचा ड्रेस म्हणजे सलवार-कुर्ता. पुरुषाला ड्रेस नसतोच, त्याला नुसते कपडे असतात. म्हणून त्याच्यासाठी नोटीसही नसते.

माझा स्वभाव शांत. संस्थेच्या सचिवांना मी हे सगळं सावकाश समजावून सांगितलं.

“इंग्रजी शब्द आहे ना?” ते म्हणाले. “मग आपल्या संस्कृतीत बसत नाही. विषय संपला.”

“साहेब, नाव तेवढं इंग्रजी आहे. कपडा इथलाच आहे.”

“बाई, विषय संपला म्हटलं ना!”

समोर साहेब बसले होते ते सफारीत. सफारी हा शब्द अरबस्तानातून आफ्रिकेत गेला आणि इंग्रजांच्या पाठीवर बसून पुण्यात आला. तेही सांगणार होते, पण तोंडातून दुसरंच गेलं.

“साहेब, साडीवरचा ब्लाउज पण इंग्रजी आहे. त्याचं काय करायचं, तेही नोटिशीत लिहू का?”

“तुम्ही टायपिंग करा!”

*

या नोटिशीचा खरा फटका बसला तो रोहिणी कांबळेला. ती आमची पीटीची टीचर. येरवड्याहून रोज स्कूटरने यायची. घर तिच्याच पगारावर चालतं. प्रोबेशन संपत आलं होतं आणि कायम होण्याच्या ऑर्डरवर सही करणार होते सचिव.

पीटीच्या टीचरने साडीत उंच उडी शिकवायची! रोहिणी विचारायला गेली तेव्हा मी तिथेच होते.

“न जमायला काय झालं?” सचिव म्हणाले. “आमची आई साडी नेसून विहिरीत पोहायची.”

“त्यांची नोकरी कायम असेल, सर,” रोहिणी म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा मी तिला डिक्शनरीतलं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे बरोबरच की, ताई. कवायतीत ‘दाहिने सज’ म्हणतात ना, त्यालाच इंग्रजीत ‘राइट ड्रेस’ म्हणतात. उजवीकडे बघा आणि रांग सरळ करा. मी मुलांना रोज ड्रेसच शिकवते. मला तेवढा घालायचा नाही!”

*

मग शिक्षिकांनी मार्ग काढला. शाळेत ड्रेसवरच यायचं. नकाशांच्या खोलीत, खुंटीवर एक मोरपंखी साडी लटकवलेली. तिचं नाव ‘मीटिंगची साडी’. वरून बोलावणं आलं की जिचा नंबर लागेल तिने ती ड्रेसवरूनच गुंडाळायची. आतला कुर्ता दिसू नये म्हणून पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट. सचिवांना त्यात जास्तच शालीनता दिसायची.

एकदा त्यांनी तिघींना एकामागून एक बोलावलं. एक जिना उतरून येतेय, साडी फेडतेय, दुसरी नेसतेय, असं चाललेलं. तिसरी पोचली तेव्हा साहेब खूश!

“तिघींनी मिळून खरेदी केलेली दिसते. छान! एकोपा पाहिजे.”

सगळी शाळा हसली. मी नाही हसले. शिकलेल्या, वर्ग सांभाळणाऱ्या बायका नकाशांच्या खोलीत दार लावून चोरासारखं साडी गुंडाळतात, यात हसण्यासारखं काय आहे?

*

घात केला रोहिणीच्या उंचीने. एकदा तिला बोलावलं आणि साडीखालून सलवारीचे पाय दिसले.

साडी जप्त झाली. खरंच सांगते, सचिवांनी ती स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं! नवी नोटीस निघाली. साडी घरूनच नेसून यायची, शाळेत कपडे बदलायचे नाहीत. सकाळी ते स्वतः गेटवर उभे राहायला लागले.

त्याच आठवड्यात शाळेच्या वळणावर रोहिणीचा पदर स्कूटरच्या मागच्या चाकात गेला. ती फरफटली. पोटरीला टाके पडले. दवाखान्यात मी तिच्याजवळ होते. नर्स ड्रेसिंग करत होती आणि रोहिणी दात आवळून छताकडे पाहत होती. तेवढ्यात सचिवांचा फोन आला. मला वाटलं, निदान कशी आहे म्हणून विचारतील.

“साडीच नेसली होती ना त्यांनी?”

“हो, साहेब,” मी म्हटलं. “निम्मी अंगावर होती, निम्मी चाकात.”

आणि फोन ठेवून दिला.

*

टाके निघायच्या आत रोहिणी कामावर हजर झाली. रजा वाढवली तर कायम न करायला तेच कारण होईल, ही तिची भीती. पायाला काही घासायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून सैल ड्रेस घालून, लंगडत आली. ऑर्डरवर सही व्हायला दोनच दिवस उरले होते.

सचिवांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “साडी नेसून याल तेव्हा सही. नाहीतर दुसरीकडे बघा.”

लिमयेबाई शेजारच्या खुर्चीत होत्या. त्या आपल्या निऱ्या सारख्या करत राहिल्या. मला त्यांचा इतका राग आला की त्या दिवशी त्यांच्यासाठी चहा आला तो मी परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी ऑर्डरचा कागद घेऊन मी सचिवांच्या खोलीत उभी होते. दार उघडलं आणि लिमयेबाई आत आल्या. अंगात ड्रेस! पोपटी रंगाचा, खांद्यात ढगळ, बाह्या पार बोटांपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा घातलाय हे दुरूनही कळत होतं. ओढणीचं काय करायचं ते न कळल्यामुळे तिची घडी घालून हातात धरलेली. त्या नेहमीच्या खुर्चीत, नेहमीसारख्या ताठ बसल्या.

“आधी माझं काय ते ठरवा,” त्या म्हणाल्या. “मग कांबळेंचं.”

सचिव उठून त्यांच्या खुर्चीमागून एक फेरी मारून आले. मग म्हणाले, “बाई, तुमच्या मानेमागे दुकानाची चिठ्ठी लटकतेय.”

“असू द्या. परत घेण्याच्या बोलीवर आणलाय. आत्ता सही केलीत तर संध्याकाळी परत करीन. नाही केलीत तर येताना आणखी चार घेऊन येईन.”

सही झाली. मी कागद उचलला आणि पळतच रोहिणीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिमयेबाई प्रार्थनेला आल्या त्या त्याच ड्रेसमध्ये. चिठ्ठी तेवढी कापलेली होती.