राजानंद टेलरची चुकलेली घंटा

राजानंद टेलरला भिण्यासाठी कारण लागत नसे. कुत्र्याला तो भ्यायचा, इंजेक्शनला भ्यायचा, मोटारसायकलवर मागं बसायला भ्यायचा. फोन वाजला की आधी भिऊन घ्यायचा, मग उचलायचा. वाटूरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत असलेल्या त्या गावात ख्रिस्ती घरं अकरा. त्यांच्या पत्र्याच्या चर्चची घंटा मात्र बावीस वर्षं याच भित्र्या माणसाच्या हाती होती. बापामागं शिलाई मशीन आलं, तसा घंटेचा दोरही आला.

घंटा वाजवायच्या तऱ्हा दोन. सणाला न थांबता, धडाधड. मयत झालं की एक टोला द्यायचा, आवाज पार विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. चर्चमध्ये कधी पाऊल न टाकलेल्यांनाही हा फरक पाठ होता. संथ टोला ऐकला की माणसं हातातलं काम टाकून यायची.

या वर्षी राजानंदच्या भीतीला पहिल्यांदाच खरं कारण मिळालं. बायकोच्या, प्रभावतीच्या, काळजाची झडप बिघडली होती आणि ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी संभाजीनगरला ऑपरेशन होतं. "धोका आहे, सही करा," म्हणत डॉक्टरनं कागद पुढं केला. सही करताना राजानंदनं पाहिलं, डॉक्टरच्या कोटाची डावी बाही अर्धा इंच आखूड. तेव्हापासून त्याला घास उतरेना. ज्याला स्वतःच्या अंगावरची बाही कळत नाही, तो हिच्या काळजाला टाके काय घालणार?

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेत पाळक क्रूसाबद्दल सांगत होते. भर दुपारी अंधार पडला, हे राजानंदला बरोबर समजलं. तिसऱ्या दिवशी कबर रिकामी सापडली, उजाडलं, ते मात्र यंदा काही केल्या आत शिरेना.

ईस्टरच्या पहाटे तो उठला, तेव्हा प्रभावती इतकी गप पडली होती, की त्यानं तिच्या नाकासमोर हात धरला.

"जित्ती हाये मी," ती डोळे न उघडताच म्हणाली. "हप्त्यात चौथ्यांदा बघून राह्यले तुमी. जा, घंटा वाजवा. मी येते मागून हळूहळू."

घंटा टांगलेल्या, चर्चपुढच्या लिंबाखाली अजून काळोख होता. राजानंदनं दोर धरला आणि वर आभाळातल्या बापाकडं बघून पुटपुटला, "बापा, हायेस का?" वरून लिंबाचं एक पान पडलं, बाकी काही नाही. मग त्यानं दोर ओढला. डोळ्यांपुढं ऑपरेशनचं टेबल, त्यावर प्रभावती, आणि ती आखूड बाही. टोला पडला. तो ऐकत उभा राहिला. आवाज विरला, मग त्यानं दुसरा दिला. मग तिसरा.

आठव्या टोल्याला बॅटऱ्यांचे उजेड धावत येताना दिसले. सगळ्यांत पुढं कडूबा, भिंतीला भिंत असलेला शेजारी, बनियनवरच. त्यानं राजानंदच्या खांद्यावर हात ठेवला.

"टेलर, कव्हा गेल्या वैनी?"

घंटा ऐकून कडूबाची खात्री झाली होती, आणि कडूबाचं ऐकून राजानंदची. शेजारचा माणूस सांगतो म्हणजे आपल्याच घरून आला असणार.

"आत्ता तर बोलली माझ्याशी," तो कसाबसा म्हणाला.

"अशेच जात्यात, भाऊ. बोलता बोलता."

राजानंद पळत सुटला. कोपऱ्यावरच्या ज्या कुत्र्यासाठी तो सहा वर्षं लांबून वळसा घालत होता, त्याच्या अंगावरून गेला. कुत्रंसुद्धा भुंकायचं विसरलं.

घरात बायांची गर्दी. पलीकडच्या बौद्धवाड्यातली बेबीनंदा खाटेजवळ डोळ्यांना पदर लावून बसलेली. राजानंद उंबऱ्यावरच थबकला. तेवढ्यात गर्दीच्या मधोमध, खाटेवर, हातात फणी घेतलेली प्रभावती दिसली.

"हे सारे मला पोचवाया आलते," ती म्हणाली. "दार मीच उघडलं. बेबी तर मलाच बघून वरडली."

"मंग काय करू?" बेबीनंदा नाक पुसत म्हणाली. "घंटा मयताची, आन मयत हुबं दारात."

कुणीतरी हसलं. राजानंदला हसू येईना. तो खाटेशी बसला आणि त्यानं बायकोचं मनगट धरलं. नाडी लागत होती, अडखळत, पण लागत होती.

"लई भ्या वाटून राह्यलं गं मला."

"मलाबी वाटतं," प्रभावती हळूच म्हणाली. हे ती आजवर बोलली नव्हती. "पर तुमी इचारलं असंल ना त्याला, हायेस का म्हणून?"

"बोलला न्हाई."

तिनं घरभर नजर फिरवली. अनवाणी आलेल्या बाया, दारात बॅटरी विझवायचं विसरलेला कडूबा. "बोलला न्हाई, मंग येवढे लोक कुणी धाडले? जा आता. बिलकुल थांबू नका. सणाची वाजवा."

तो परत निघाला. मागोमाग निम्मं गाव, कारण एवढ्या पहाटे उठलेल्या माणसांना परत झोप कुठली. सोमवारची भीती होती तेवढीच होती. दोर धरला तरी हात थरथरत होता. पण संथ टोल्याला जो थरथरता हात आडवा येतो, तोच सणाच्या घंटेला बरा पडतो. राजानंद वाजवत सुटला. पूर्वेला पांढरं झालं. बेबीनंदाचा खांदा धरून प्रभावती चालत येऊन लिंबाखाली पोचली, तरी तो थांबेना.

"बस की, टेलर," कडूबा म्हणाला, "तुटंल घंटा."

"आजूक थोडी," राजानंद म्हणाला.