अस्सल मेक्सिकन, शुक्रवारी दुपारी तीन

फळ्यावर मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'अस्सल मेक्सिकन, शुक्रवारी दुपारी तीन', आणि लिहून झाल्यावर 'अस्सल'खाली एक रेघ ओढली होती. त्या रेघेने मला दीड महिना छळलं.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. अंबरनाथच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी स्वयंपाकाचा वर्ग चालवत होते. मंगळवार आणि शुक्रवार, तीन ते पाच, बाहेरच्या खोलीत. ही बाहेरची खोली म्हणजे सासऱ्यांची दुपारी झोपायची जागा. वर्ग सुरू करताना घरात ठरलं होतं की बायका येतायत तोवर ते आत झोपतील. नावं सहाच्या खाली गेली की वर्ग बंद आणि खोली परत त्यांची. मला हा करार योग्य वाटला होता. मला ठरवून केलेल्या गोष्टी आवडतात.

त्या वर्षी उल्हासनगरात एका बाईंनी नवा वर्ग काढला आणि 'मेक्सिकन' शिकवायला सुरुवात केली. मैद्याच्या तळलेल्या पुऱ्या, त्यात राजमा, वर टोमॅटो सॉस आणि किसलेलं चीज. माझ्या अकराजणींपैकी चौघी तिकडे गेल्या. उरल्या सात. सासरे रोज चहाच्या वेळी विचारायचे, "काय सूनबाई, किती नावं?" मी "सात" म्हटलं की ते मान हलवून बशीत चहा ओतायचे. त्यांना घाई नव्हती.

तेव्हाच उल्हासनगरच्या एका रद्दीवाल्याकडे मला जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. लिहिणारी बाई मेक्सिकोत बरीच वर्षं राहिलेली आणि शिस्तीची कडक. मैद्याचं, तळलेलं, सॉस ओतलेलं हे काही मेक्सिकन नव्हेच, असं तिने सुरुवातीलाच बजावलं होतं. मला ती तत्काळ पटली. तिकडे खोटं शिकवतात, मी खरं शिकवीन, असं म्हणून मी फळा लिहिला. सामानाची यादी तपासल्याशिवाय काहीही जाहीर करायचं नाही, हा माझाच नियम. तो मी मोडला.

वहीत तीन रकाने आखले: पुस्तकात काय हवं, इथे काय मिळतं, काय झालं. मधला रकाना आठवडाभर रिकामा होता.

आधी मिरच्या. पुस्तकाला तीन जातींच्या सुक्या मिरच्या हव्या होत्या आणि बदली मिरची चालणार नव्हती. उल्हासनगरच्या मसाल्याच्या बाजारात एका सिंधी शेठना मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती शांतपणे वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "मेक्सिको की मिर्ची? मॅडम, दो दिन रुको, यहीं बन जाएगी." परदेशी मालाच्या नकलांसाठी उल्हासनगर प्रसिद्धच होतं; दुकानातली सगळी माणसं हसली. मी ब्याडगी घेऊन आले. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'नाइलाज'.

मग मका. पांढरा, सुका, अख्खा. किराणा दुकानात मिळेना. बदलापूरला एका पशुखाद्याच्या दुकानात मिळाला. दुकानदाराने पोत्यात माप घालत विचारलं, "किती कोंबड्या?"

"सात," मी म्हणाले.

"मग भरडून देऊ का? अख्खा त्यांना जड जातो."

"नको. त्यांना अख्खाच लागतो."

हा मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर ठेवायचा, चोळून सालं काढायची आणि ओलाच वाटायचा. त्याच्या पातळ पोळ्या, म्हणजे तोर्तिया. नवऱ्याच्या कारखान्यात चुन्याच्या गोणी होत्या, सांडपाण्यात घालायच्या. तो म्हणाला, "तो आणला तर वर्ग नाही, पोलीस येतील." म्हणून पानवाल्याकडून खायचा चुना आणला. पुस्तकातलं माप कोरड्या भुकटीचं, माझा चुना ओला. मी अंदाज केला. अंदाज हा प्रकार मला कधीच जमलेला नाही. मका पिवळाधमक झाला, बोटांची सालं निघाली आणि पहिली तोर्तिया सासऱ्यांनी चावून बाजूला ठेवली.

"चुना झाला," ते म्हणाले. "तंबाखू तेवढी राहिली."

दुसऱ्या वेळी चुना कमी पडला, सालं निघेनात. तिसऱ्या वेळी मका बरोबर झाला, तर वाटायचा कुठे? डबा घेऊन गिरणीत गेले. गिरणीवाल्याने झाकण उघडलं आणि मागे सरकला. "वहिनी, ओला दाणा? माझा दगड चिकटून बसेल की! शेजारणीशी भांडण असेल तर तिच्या मिक्सरमध्ये घाला, माझ्याकडे कशाला?" मग मिक्सर. तो दोनदा घुमला, जळका वास आला आणि थांबला. दुरुस्तीला दिला. शेवटी गॅलरीतला पाटा आत ओढला. दीड तास वाटून गोळा जेमतेम आठ तोर्तियांचा. माझ्या आईने सगळं आयुष्य पाट्यावर काढलं होतं आणि माझ्या लग्नात मिक्सर देताना ती म्हणाली होती, आता तू सुटलीस. त्या दुपारी मला तिला तोंड दाखवायची इच्छा नव्हती.

दाबायला पुरीचं मशीन आणलं, दुधाच्या पिशव्या कापून मध्ये घातल्या. कडा फाटायच्या. पुस्तक म्हणे, पीठ कोरडं आहे. पाणी लावलं तर पिशवीला चिकटायचं. पुस्तक म्हणे, पीठ ओलं आहे. बाईने कुठेच लिहिलं नव्हतं की बरोबर पीठ हाताला कसं लागतं. आणि तोर्तिया तव्यावर फुगलीच पाहिजे. माझी पाच खेपा फुगली नाही. नवरा म्हणाला, "अगं, मक्याचं पीठ आणून भाकरी थाप ना. कोणाला कळणार आहे?" मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही.

सहाव्या खेपेला, पुढे ढकलत आणलेल्या त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी, ती फुगली. एकटीच स्वयंपाकघरात होते. मी तव्याकडे बघून "अगं बाई!" म्हणाले.

शुक्रवारी सातही जणी आल्या. मका सकाळीच वाटून ठेवला होता; बाकी सगळी कृती केली, चुना दाखवला, पाटा दाखवला. तोर्तिया फुगल्या. सोबत मऊ शिजवलेला राजमा आणि तव्यावर भाजलेले टोमॅटो, मिरची, लसूण एकत्र वाटून केलेला साल्सा. पुस्तकात होतं तसं, ब्याडगी सोडून. बायकांनी घास घेतला.

"छान आहे," एक म्हणाली. "मक्याची भाकरीच ना?"

"भाकरी नाही. तोर्तिया."

"आणि ही उसळ."

"हा ठेचा," तिसरी म्हणाली. "ताई, माझ्या आईला मेक्सिकोला पाठवा. तिला शिकायला नको, सरळ नोकरीला लागेल!"

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. बुवापाड्याहून येणारी एक होती. नवरा एमआयडीसीत पाळीवर, मुलगी पहिलीत. ती पदराला हात पुसत म्हणाली, "ताई, रागावू नका. भाकरी मी सकाळी सहाला थापून आलेय. पोरीच्या वाढदिवसाला हीच ठेवली तर तिच्या मैत्रिणी काय म्हणतील? आम्हाला ते चीजवालं शिकवा ना. तिकडच्या वर्गाला दोन रिक्षा बदलाव्या लागतात, नाहीतर मी तिकडेच गेले असते."

"पण हे अस्सल आहे," मी म्हणाले.

"असेल हो."

माझ्याकडे उत्तरं होती. चुन्याने मक्यातलं सत्त्व कसं वाढतं, हे मी वहीत लिहूनच ठेवलं होतं. पण दोघींनी पर्सा मांडीवर घेतल्या होत्या आणि आतल्या खोलीत सासरे खोकले. घड्याळात चार वाजले होते.

"मैदा काढा," मी म्हणाले. "वरच्या फळीवर, निळा डबा."

एकीला खाली डेअरीत चीजसाठी पिटाळलं. सॉसची बाटली घरात होतीच. पुऱ्या लाटल्या, टोचल्या, अर्धवट तळून गरम असतानाच लाटण्यावर वाकवल्या आणि पुन्हा तेलात सोडल्या. हे कोणत्याही पुस्तकात वाचलं नव्हतं, जागच्या जागी सुचलं. पहिलीच खेप खुसखुशीत झाली. ज्यासाठी दीड महिना गेला, त्याच्या जागी हे दहा मिनिटांत जमावं, याचा मला इतका संताप आला की तेलाची कढई जरा जोरातच उतरवली.

"हे मेक्सिकन नाही, लक्षात ठेवा," मी सगळ्यांना बजावलं.

"हो ताई," म्हणत सातही जणींनी वहीत मथळा लिहिला, 'मेक्सिकन'. निघायच्या आधी सगळ्यांनी पुढच्या महिन्याची नावं दिली. एकीने जावेचंही घातलं. खोली माझ्याकडे राहिली. उरलेल्या तोर्तिया कोणी मागितल्या नाहीत.

बुवापाड्याची मात्र दारातून परत आली, पेन हातात.

"ताई, चीज आधी की सॉस आधी?"

"चीज आधी," मी म्हणाले. "सॉस आधी घातला तर पुरी मऊ पडते."